दोन शब्द बोलण्यापूर्वी

जेथे चार मराठी घरे शेजारी आली, तेथे मंडळ निघते. मंडळ निघाले की गणपती बसतो. आणि गणपती बसला की व्यासपीठ, ध्वनिक्षेपक, शाल, श्रीफळ आणि पाहुण्यांचे ‘दोन शब्द’ ओघानेच येतात. पुण्यास न्यायमूर्ती रानड्यांच्या काळापासून वक्तृत्वोत्तेजक सभा आहे. वक्तृत्वाला आवर घालणारी एखादी सभा काढावी, असे मात्र गेल्या दीडशे वर्षांत कोणास सुचल्याचे आमच्या ऐकिवात नाही. मास्तरकीच्या निमित्ताने आम्हास वर्षाकाठी वीस-पंचवीस सभा ऐकाव्या लागतात. स्वातंत्र्यदिन, शिक्षकदिन, स्नेहसंमेलन, बक्षीससमारंभ, कोणाची निवृत्ती, कोणाची शोकसभा. त्यात मंडळाचे कार्यक्रम वेगळे. तीस वर्षांच्या नोकरीत किती भाषणे कानांवरून गेली, याचा हिशेब आम्ही ठेवलेला नाही. पण भाषण कशाने बिघडते, याविषयी आमचे एक मत झाले आहे, ते वाचकांपुढे ठेवावे म्हणतो.

पाठ केलेले ऐन वेळी विसरणे, नाव चुकणे, तोंडून भलताच शब्द जाणे, कागदांची पाने उलटसुलट होणे, यांना आम्ही बिघाड मानीतच नाही. सभेला त्याने चार घटका करमणूक होते आणि वक्त्याविषयी थोडी मायाच वाटू लागते. २०११ च्या फेब्रुवारीत संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत आपले तत्कालीन परराष्ट्रमंत्री एस. एम. कृष्णा बोलावयास उभे राहिले आणि समोरच्या कागदांतून चुकून पोर्तुगालच्या मंत्र्यांचे भाषण वाचू लागले. पोर्तुगीज भाषा बोलणारे दोन देश आज येथे एकत्र बसले आहेत याचा आपणास व्यक्तिशः फार आनंद होतो, असेही ते वाचून गेले. तीनेक मिनिटांनी शेजारच्या भारतीय प्रतिनिधींनी कागद बदलून दिला. मुंबईच्या राजभवनात तीन वर्षांहून थोडा अधिक काळ राहून गेलेल्या त्या वयोवृद्ध गृहस्थांची त्या वेळी पुष्कळ थट्टा झाली. आमच्या मते थट्टेपलीकडे त्यात काही नव्हते. कोणाचे मन दुखावले नाही, कोणाचा समारंभ हिरावला गेला नाही. किंबहुना परराष्ट्रमंत्र्यांची भाषणे एकमेकांत इतकी मिसळून जातात की तीन मिनिटे कोणाच्या लक्षात येत नाही, एवढीच उपयुक्त माहिती त्यातून जगाला मिळाली.

खरा बिघाड होतो तो वक्त्याला हा समारंभ कोणाचा, याचा विसर पडतो तेव्हा. आणि हा विसर पडणारे लोक बहुधा उत्तम वक्ते असतात.

याचे सर्वांत मोठे उदाहरण खेळाच्या जगातील आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स प्रांतात स्प्रिंगफील्ड नावाचे गाव आहे. बास्केटबॉलचा खेळ १८९१ साली तेथे जन्मला, म्हणून त्या खेळाचे कीर्तिमंदिरही तेथेच आहे. ११ सप्टेंबर २००९ रोजी या कीर्तिमंदिरात मायकेल जॉर्डनची स्थापना व्हावयाची होती. शिकागोच्या संघास सहा अजिंक्यपदे मिळवून देणारा हा खेळाडू. त्याच्या नावाचे बूट आज आमच्या गावातील पोरेही मागतात. तो उभा राहिला तेव्हा प्रथम त्याला रडूच कोसळले. (ती रडवेली मुद्रा पुढे चेष्टेचे चित्र म्हणून जगभरच्या मोबाइलांत फिरत राहिली, ते निराळे.) मग डोळे पुसून त्याने बोलावयास आरंभ केला आणि सुमारे तेवीस मिनिटे तो जुनी देणी फेडीत राहिला. शाळेत असताना वरच्या संघात आपल्याऐवजी ज्या मुलाची निवड झाली, त्याला त्याने मुद्दाम त्या समारंभास बोलावले होते. तो समोर बसलेला असताना, तुम्ही त्या वेळी चूक केलीत, हे त्याला निवडणाऱ्या प्रशिक्षकास जॉर्डनने सुनावले. त्यानंतर प्रतिस्पर्धी आले, प्रतिस्पर्ध्यांचे प्रशिक्षक आले, स्वतःच्या संघाचे व्यवस्थापकही आले. शेवटी स्वतःच्या मुलांकडे वळून, तुमच्या जागी असणे मला आवडले नसते, असेही तो म्हणाला. श्रोते हसत होते. पण एक-एक नाव येत गेले तसतसे ते हसणे अवघडत गेले.

शाळेच्या कबड्डी-संघासाठी दरवर्षी आम्हास बारा नावे लिहावी लागतात. तेरावा मुलगा यादीकडे ज्या नजरेने पाहतो, ती आमच्या ओळखीची आहे. त्या नजरेतूनच एखादा जॉर्डन निघत असेल, हे आम्ही नाकारीत नाही. तो राग नसता तर सहा अजिंक्यपदेही कदाचित नसती. पण तीस वर्षांनी, सारे जग पायाशी आलेले असताना, त्या बारांतल्या एकाला सभेत बसवून हिशेब दाखविणे हे आम्हास पाहवले नाही. त्या रात्री डेव्हिड रॉबिन्सन आणि जॉन स्टॉक्टन यांचाही तेथे सन्मान होत होता. रात्र त्यांचीही होती. दुसऱ्या दिवशी चर्चा मात्र एकट्या जॉर्डनच्या रागाची झाली.

अमेरिकेतीलच दुसरा प्रसंग याच्या अगदी उलट. बेसबॉलपटू लू गेरिग हा न्यूयॉर्कच्या यांकी संघातून सलग २,१३० सामने खेळला होता. १९३९ साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, हातापायांतील शक्ती हळूहळू हिरावून घेणारा असाध्य विकार त्याला जडल्याचे निदान झाले; पुढे तो विकारही त्याच्याच नावाने ओळखला जाऊ लागला. ४ जुलैला दोन सामन्यांच्या मध्यंतरात, साठ हजारांवर प्रेक्षकांसमोर त्याचा सत्कार ठेवण्यात आला. बोलावयास तो आधी तयारच नव्हता. आग्रह झाला तेव्हा ध्वनिक्षेपकासमोर येऊन दोन-तीन मिनिटेच बोलला. रागावण्यास त्याच्याइतके सबळ कारण कोणास असेल? पण त्याने स्वतःला भाग्यवान म्हणवून घेतले आणि आभार मानले ते सोबत्यांचे, प्रतिस्पर्धी संघाचे, मैदानाची निगा राखणाऱ्या माळ्यांचे आणि सासूबाईंचे. सासूबाई आपल्या मुलीशी भांडण झाले तर जावयाची बाजू घेतात, म्हणून! १९४१ च्या जूनमध्ये तो गेला. सभेत सासूचे आभार मानणारा वक्ता आम्ही तरी अद्याप पाहिलेला नाही.

आमचे काही मित्र म्हणतात, सारे मर्म थोडक्यात बोलण्यात आहे. हे आम्हास पूर्णपणे पटत नाही. १६ नोव्हेंबर २०१३ रोजी वानखेडे मैदानावर सचिन तेंडुलकर निरोपाचे बोलला, तो काही थोडक्यात बोलला नव्हता. वीसेक मिनिटे सहज झाली असतील. वक्ता म्हणून त्याची ख्यातीही नव्हती. कोणाचे नाव विसरू नये म्हणून त्याने हातात यादी धरली होती आणि तसे सांगूनही टाकले. वडिलांपासून सुरुवात करून, पहिली बॅट देणारी बहीण, शाळेच्या दिवसांत घरी ठेवून घेणारे काका-काकू, असे तो एकेकाचे ऋण सांगत गेला. आचरेकर सरांनी एकोणतीस वर्षांत आपल्याला कधी ‘छान खेळलास’ म्हटले नाही, आता सामने संपले, तेव्हा आता म्हणायला हरकत नाही, असे तो म्हणाला तेव्हा आमच्या घरात दूरदर्शन संचासमोर बसलेल्या तीन पिढ्यांपैकी कोणीही घड्याळाकडे पाहिले नाही. यादी जॉर्डनजवळही होतीच, फक्त मनात होती. दोन्ही याद्यांमध्ये नावेच होती.

थोरांची गोष्ट पुरे. आपल्याकडे काय घडते? शोकसभेत वक्ता मृताशी आपली पहिली भेट सांगू लागतो आणि दहाव्या मिनिटास सभेला कळते की जन्मचरित्र चालले आहे ते वक्त्याचे. मृताचे कुटुंबीय पहिल्या रांगेत पदर डोळ्यांना लावून तेही ऐकून घेतात. निवृत्तीच्या समारंभात साहेब नव्या योजनांची माहिती देतात. हे सारे चालायचेच.

एक प्रसंग मात्र मनातून जात नाही. काही वर्षांपूर्वी जिल्ह्याच्या शालेय क्रीडास्पर्धांत आठशे मीटर धावण्यात आमच्या शाळेची एक मुलगी पहिली आली. आमच्या शाळेस त्या वर्षी मिळालेले ते एकच पदक. मुलांनी टाळ्यांचा नुसता कडकडाट चालविला होता. पाहुणे चांगले, उत्साही गृहस्थ. मुलांना स्फुरण चढावे या हेतूने ते म्हणाले, ‘एक मुलगी बक्षीस घेऊन जाते आणि तुम्ही टाळ्या वाजवता? शरम वाटू द्या!’ टाळ्या थांबल्या. मुलगी चषक हातात धरून जमिनीकडे पाहत उभी राहिली. क्षणापूर्वी जो विजय होता, तो पाहुण्यांच्या एका वाक्याने सत्तर मुलांचा पराभव होऊन बसला. पुढल्या वर्षी तिने नाव दिले नाही. क्रीडाशिक्षकांनी कारण विचारले तेव्हा घरी काम असते, एवढेच ती म्हणाली.

वाक्यसुद्धा लागत नाही, एक शब्द पुरतो. १९७६ साली वेस्ट इंडीजचा क्रिकेटसंघ इंग्लंडला आला, तेव्हा यजमान कर्णधार टोनी ग्रेग दूरदर्शनवरील मुलाखतीत म्हणाला की आम्ही यांना गुडघ्यांवर रांगावयास लावू. मुलाखतीतली फुशारकी खेळाडूंना नवी नाही. पण बोलणारा दक्षिण आफ्रिकेत जन्मलेला गोरा, तेथे तेव्हा वर्णद्वेषाचे राज्य, आणि ऐकणारे गुलामांचे वंशज. त्या मालिकेत रिचर्ड्सने ८२९ धावा काढल्या, ओव्हलच्या कसोटीत होल्डिंगने चौदा बळी घेतले, वेस्ट इंडीजने मालिका ३-० अशी जिंकली. ओव्हलवर वेस्ट इंडीजच्या प्रेक्षकांसमोर ग्रेग आपण होऊन गुडघ्यांवर रांगला, हे त्याच्या बाजूने सांगितले पाहिजे.

आम्हा बृहन्महाराष्ट्रीयांच्या कानांना बोचणारा शब्द याहून पुष्कळ सौम्य आहे. तो शब्द ‘अजून’. पुण्यामुंबईचे पाहुणे येतात, सत्कार स्वीकारतात आणि भारावून म्हणतात, ‘तुम्ही इकडे अजून मराठी बोलता, हे पाहून बरे वाटले!’ होळकरांच्या मागोमाग आमचे पूर्वज या माळव्यात आले, त्याला अडीचशेहून अधिक वर्षे झाली. १९१७, १९३५ आणि २००१ साली साहित्य संमेलन याच इंदूर गावाने भरविले. तरी पाहुण्यांचे ‘अजून’ काही संपत नाही.

येथील एका गणेशोत्सवात असेच एक विद्वान आले होते. ‘अजून’ तर झालेच. पण पुढे सभेला रंग चढावा म्हणून त्यांनी आमच्या बोलण्याची नक्कल आरंभिली. ‘तो जाऊन राहिला आहे, ती करून राहिली आहे, हे काय मराठी आहे?’ सभा हसली. पाहुण्यांच्या विनोदाला हसणे हे यजमानाचे कर्तव्यच असते. आमच्या शेजारी सातवीतला एक मुलगा वडिलांबरोबर बसला होता. दुसऱ्या दिवशीच्या मुलांच्या कार्यक्रमाचे निवेदन त्याच्याकडे होते आणि आठवडाभर त्याची तयारी चालली होती. त्याने हातातल्या कागदाची घडी घातली आणि हळूच विचारले, ‘बाबा, मी उद्या हिंदीत बोललो तर चालेल?’

आभारप्रदर्शनास अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षात शिकणारी एक मुलगी उभी राहिली. तिने समितीचे, मंडपवाल्यांचे, प्रसाद करणाऱ्या काकूंचे आभार मानले आणि मग पाहुण्यांकडे वळून अत्यंत आदराने ती म्हणाली, ‘सर, आपण इतक्या दुरून येऊन आम्हाला सांगून राहिले होते आणि आम्ही मन लावून ऐकून राहिलो होतो. उद्या सकाळी पोहे-जिलेबी खाल्ल्याशिवाय आम्ही आपल्याला जाऊ देणार नाही.’ या वेळचे हसणे कर्तव्याचे नव्हते.

पाहुणे मोठ्या मनाचे निघाले. तेही मनापासून हसले, आणि जेवणाच्या पंगतीत त्यांनी तिला जवळ बोलावून विचारले, ‘माझे काही चुकले का, बाळ?’ ती म्हणाली, ‘नाही सर, तेवढे “अजून” काढून टाका.’

दुसऱ्या दिवशी निवेदन त्या मुलाने मराठीतच केले. दोन ठिकाणी ‘करून राहिले’ आले.