ऑफिसचं ‘तात्पुरतं’ पार्किंग कायमचं कसं होऊन बसतं?

एखादी मोठी कंपनी शहरात ऑफिस उघडते. दोन-तीन वर्षांत माणसं वाढतात, गाड्या वाढतात आणि इमारतीखालचं पार्किंग कमी पडायला लागतं. शेजारी एक मोकळा प्लॉट असतो. विकास आराखड्यात तो घरांसाठी, शाळेसाठी किंवा बागेसाठी दाखवलेला असतो, पण तिथे अजून काहीच झालेलं नसतं. मग कंपनी अर्ज करते, “आमची पार्किंगची इमारत तयार होईपर्यंत दोन वर्षं इथे गाड्या लावू द्या.” परवानगी मिळते.

दोन वर्षं संपतात. पार्किंगची इमारत झालेली नसते आणि टेबलावर नवा अर्ज येतो, “मुदत वाढवून द्या.”

अशा अर्जाची सहसा बातमी होत नाही. टॉवर पडत नाही, झाडं कापली जात नाहीत, कुणाचं घर जात नाही. फक्त एक तारीख पुढे सरकते. पण अनेकदा एखाद्या जागेचं भविष्य या तारखेतच ठरून जातं. कसं, तेच समजून घेऊया.

आधी झोनिंग म्हणजे काय ते बघू

शहराच्या विकास योजनेत, म्हणजे डीपीमध्ये, कोणती जमीन कशासाठी वापरायची हे ठरलेलं असतं. रहिवासी, व्यापारी, औद्योगिक, हरित असे झोन असतात. त्याशिवाय शाळा, मैदान, दवाखाना यांसाठी ठरावीक प्लॉटवर आरक्षणं असतात.

आता तुम्ही म्हणाल, मोकळ्या जागेवर गाड्या लावल्या तर त्यात परवानगी कसली? वीटसुद्धा रचलेली नाही! तर महाराष्ट्राचा नगररचना कायदा, म्हणजे १९६६ चा एमआरटीपी कायदा, ‘विकास’ या शब्दाची व्याख्या खूप व्यापक करतो. बांधकाम तर त्यात येतंच, पण जमिनीच्या वापरात केलेला ठळक बदलही येतो. त्यामुळे घरांसाठीच्या प्लॉटवर शंभर-दोनशे गाड्यांचं पार्किंग सुरू करणं हासुद्धा कायद्याच्या नजरेत विकासच आहे.

तात्पुरती परवानगी ही यातली मधली वाट. डीपी बदलायचा नाही, झोन बदलायचा नाही, पण मूळ काम सुरू होईपर्यंत जागा नुसती पडून राहण्यापेक्षा काही काळ दुसऱ्या कामाला येऊ द्यायची. कल्पना वाईट नाही. अडचण सुरू होते ती मुदत संपल्यावर.

कंपनीची बाजू ऐकायलाच हवी

कंपनीची मागणी दरवेळी खोटी असते असं नाही. नाइट शिफ्टला येणाऱ्यांना रात्री दोन वाजता बस मिळत नाही. स्टेशन लांब असतं, शेअर रिक्षाची रांग मोठी असते. पार्किंग एकदम बंद केलं तर त्या गाड्या हवेत विरत नाहीत. त्या आजूबाजूच्या सोसायट्यांच्या गल्लीत येऊन उभ्या राहतात आणि तिथे रोज भांडणं होतात. म्हणूनच बऱ्याचदा रहिवासीसुद्धा म्हणतात, “राहू दे ते पार्किंग, निदान गल्ली तरी मोकळी राहते.”

पण मग प्रश्न असा की, परवानगी देताना सांगितलेलं कारण आजही तसंच आहे का?

मुंबईतल्या बीकेसीचंच बघा. अनेक वर्षं तिथे पोहोचायचं म्हणजे वांद्रे किंवा कुर्ला स्टेशनला उतरून पुढे बस किंवा रिक्षा. ऑक्टोबर २०२४ मध्ये मेट्रो ३ बीकेसीपर्यंत आली आणि ऑक्टोबर २०२५ पासून ही लाइन आरे ते कफ परेड अशी पूर्ण धावायला लागली. ‘इथे यायला गाडीशिवाय पर्याय नाही’ हे कारण २०२३ मध्ये जितकं पटण्यासारखं होतं, तितकं आज आपोआप पटत नाही. कदाचित आजही पार्किंग लागेल, पण किती लागेल हे नव्याने मोजावं लागेल. जुन्या अर्जावरची तारीख बदलून तो पुन्हा मंजूर करणं म्हणजे हे मोजमापच टाळणं.

एका गाडीला किती जागा लागते?

भारतात पार्किंगचं नियोजन करताना उघड्या जागेवरच्या एका कारसाठी साधारण २३ चौरस मीटर धरतात. गाडीखालची जागा आणि आत-बाहेर वळवायची जागा असं सगळं त्यात आलं. म्हणजे जवळपास २४८ चौरस फूट.

मुंबईत झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत एका कुटुंबाला मिळणारं घर बराच काळ ३०० चौरस फुटांचं आहे. ऑफिसच्या वेळेत उभी राहणारी एक गाडी आणि एका कुटुंबाचं अख्खं घर, यात फरक आहे फक्त ५० चौरस फुटांचा.

२०० गाड्यांचा हिशेब केला तर ४,६०० चौरस मीटर होतात. आपल्या भाषेत साधारण ४५ गुंठे, एक एकराहून जास्त. शहराच्या मधोमध एवढी सलग जागा आज शोधून सापडत नाही.

मुदतवाढ इतक्या सहज का मिळते?

कारण फायदा कुणाचा हे लगेच दिसतं आणि नुकसान कुणाचं हे दिसत नाही. कंपनीला पार्किंग मिळतं, जागेच्या मालकाला भाडं मिळतं. ज्या मुलांसाठी तिथे शाळा व्हायची होती, ती मुलं सुनावणीला येत नाहीत. तिथल्या घरांत राहायला येणारी कुटुंबं कोण, हेच अजून ठरलेलं नसतं.

त्यात पैशाचं गणित वेगळंच. समजा, २०० गाड्या आहेत, गाडीमागे दिवसाला १०० रुपये आणि महिन्याचे २५ दिवस. महिन्याला ५ लाख, वर्षाला ६० लाख झाले. खर्च काय, तर खडी टाकणं, कुंपण घालणं आणि वॉचमन ठेवणं. बांधकामाची जोखीम नाही, कर्ज नाही. जमिनीचा भाव तर आपोआप वाढतोच आहे. मग मालकाने मूळ योजना राबवायची घाई का करावी?

जागा सरकारी असेल तर गुंता आणखी वाढतो. बीकेसीसारख्या भागात प्लॉट भाड्याने देणारी संस्था आणि नियोजन करणारी संस्था एकच आहे, एमएमआरडीए. जिथे भाडं घेणाराच परवानगी देणारा असतो, तिथे ‘आता बस’ हे कुणी म्हणायचं, हा प्रश्न उरतोच.

रिकाम्या जागेवरचं पार्किंग किती मोठा धंदा होऊ शकतो, याचं गाजलेलं उदाहरण लंडनचं आहे. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बहल्ल्यांनी शहरात ठिकठिकाणी इमारती पडून मोकळ्या जागा झाल्या होत्या. १९४८ मध्ये रोनाल्ड हॉबसन आणि डोनाल्ड गॉसलिंग या दोघांनी होबर्न भागातली अशी एक जागा २०० पौंडांना घेतली आणि तिथे गाड्या लावायची सोय केली. मग अशा जागा वाढत गेल्या. पुढे त्यांनी नॅशनल कार पार्क्स ही कंपनी ताब्यात घेतली आणि १९९८ मध्ये ती विकली तेव्हा तिची किंमत ८० कोटी पौंडांच्या घरात होती. इमारत उभी राहीपर्यंतची सोय म्हणून सुरू झालेली कितीतरी पार्किंग पुढे दशकानुदशकं तशीच राहिली.

किंमत कोण मोजतं?

यासाठी अमेरिकेतल्या पिट्सबर्गकडे बघावं लागेल. तिथल्या लोअर हिल या कृष्णवर्णीयांची मोठी वस्ती असलेल्या भागातून १९५० च्या दशकात सुमारे ८,००० लोकांना हटवण्यात आलं. ४०० च्या वर दुकानं आणि व्यवसाय उठले. कारण होतं शहराचा पुनर्विकास. तिथे १९६१ मध्ये सिव्हिक अरीना हे भलंमोठं स्टेडियम सुरू झालं आणि त्याच्या आजूबाजूला पार्किंग आलं.

२०१२ पर्यंत ते स्टेडियमही पाडून झालं. आता इथे घरं, दुकानं, ऑफिसं होणार आणि तुटलेली वस्ती पुन्हा जोडली जाणार असं ठरलं होतं. सुमारे २८ एकर जागेच्या विकासाचे हक्क पिट्सबर्ग पेंग्विन्स या आइस हॉकी संघाकडे होते. तोपर्यंत काय? तोपर्यंत पार्किंग. एफएनबी बँकेच्या २६ मजली मुख्यालयाचं काम सुरू व्हायला २०२१ उजाडलं. तेव्हाही बाकीच्या बऱ्याचशा जागेवर गाड्याच उभ्या होत्या.

उशिराची कारणं अनेक होती. आराखड्यावरून वाद झाले, परवडणाऱ्या घरांच्या प्रमाणावरून खेचाखेची झाली, कोविड आला. पण या सगळ्या काळात जागेतून पार्किंगचं उत्पन्न मात्र चालू होतं. ज्यांची वस्ती गेली त्यांच्यासाठी प्रत्येक वर्ष तोट्याचं होतं आणि ज्यांच्याकडे जागा होती त्यांच्यासाठी तसं नव्हतं. तात्पुरत्या वापराचा खरा धोका हाच आहे. थांबण्याची किंमत एकाच बाजूला मोजावी लागते.

यावर उपाय काय? इंग्लंडचा एक साधा नियम

इंग्लंडच्या सरकारी नियोजन मार्गदर्शक सूचनांमध्ये यावर थेट भूमिका आहे. एखाद्या वापराचा परिसरावर काय परिणाम होतो हे तपासायचं असेल किंवा मोठा प्रकल्प सुरू होईपर्यंत रिकामी जागा वापरायची असेल, तर तात्पुरती परवानगी द्यायला हरकत नाही. पण दुसऱ्यांदा पुन्हा तात्पुरतीच परवानगी देणं क्वचितच योग्य ठरतं, असं त्या सूचना सांगतात. शाळांच्या तात्पुरत्या वर्गांसारखे अपवाद त्यात आहेत. एरवी एकतर कायमची परवानगी द्या, नाहीतर ठोस कारण देऊन नाकारा. शिवाय, पहिली परवानगी मिळाली म्हणून कायमची मिळेलच असं धरून चालता येत नाही.

यात फायदा असा की निर्णय टाळता येत नाही. कायमची परवानगी द्यायची म्हटलं की वाहतूक, पाणी, शेजारी, मूळ योजना या सगळ्यांवर उघड चर्चा करावी लागते. ‘अजून दोन वर्षं’ म्हटलं की यातलं काहीच करावं लागत नाही.

आपल्याकडे कायदा काय सांगतो?

एमआरटीपी कायद्यातल्या चार तरतुदी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत.

कलम ३१(६): मंजूर झालेली विकास योजना नियोजन प्राधिकरणावर बंधनकारक असते. म्हणजे महापालिकेलाही ती मनाला येईल तशी बाजूला ठेवता येत नाही.

कलम ३७: योजनेत किरकोळ फेरबदल करायचा असेल तर जाहीर सूचना, लोकांच्या हरकतींसाठी एक महिना, सुनावणी आणि शेवटी राज्य सरकारची मंजुरी अशी प्रक्रिया आहे. सतत वाढत जाणारी तात्पुरती परवानगी म्हणजे यातलं काहीही न करता प्रत्यक्षात केलेला फेरबदलच.

कलम ४८: यावरून लोकांचा बराच गोंधळ होतो. विकास परवानगी एक वर्ष चालते आणि पुढे वर्षा-वर्षाने जास्तीत जास्त तीन वर्षं वाढवता येते, हे कलम म्हणतं. पण ही मुदत मंजूर काम सुरू करण्यासाठी असते. पार्किंगसारख्या तात्पुरत्या वापराची मुदत परवानगीच्या पत्रातल्या अटींमध्ये शोधावी लागते. त्यामुळे पत्र वाचल्याशिवाय वाद घालण्यात अर्थ नाही.

कलम १२७: खासगी जमिनीवर शाळेचं किंवा बागेचं आरक्षण आहे आणि १० वर्षांत जमीन संपादित झाली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतरच्या २४ महिन्यांतही हालचाल झाली नाही, तर आरक्षण रद्द होतं. आता विचार करा, यातली चार-सहा वर्षं जर ‘तात्पुरत्या’ पार्किंगमध्ये गेली, तर जागा कामात आहे असं सगळ्यांना वाटत राहतं आणि घड्याळ मात्र चालूच असतं. शेवटी पार्किंगही जातं, बागही जाते आणि टॉवर उभा राहतो.

मुदतवाढ द्यावी की नाही, हे कसं ठरवायचं?

सरसकट ‘नाही’ म्हणणं सोपं आहे, पण ते प्रत्येक ठिकाणी बरोबर ठरणार नाही. त्याऐवजी पाच प्रश्न विचारता येतात.

१. मागच्या वेळी जे काम पूर्ण करायचं कबूल केलं होतं, ते कुठपर्यंत आलं? बांधकामाचा परवाना, कंत्राट, पाया यातलं काय झालं?

२. प्लॉट रोज खरंच किती भरतो? २०० पैकी १२० गाड्याच येत असतील तर ८० गाड्यांची जागा आजच मोकळी करता येईल.

३. कंपनीने बस, मेट्रोपर्यंतची शटल, कारपूल यासाठी काय केलं?

४. मुदत संपल्यावर जागा मूळ स्थितीत आणायची हमी म्हणून काही रक्कम जमा आहे का?

५. ही मुदतवाढ शेवटची आहे असं पत्रात लिहिलं आहे का? आणि पुढच्या वर्षी गाड्यांची संख्या किती कमी करायची, हे त्यात आहे का?

पाचव्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात महत्त्वाचं. गाड्यांची संख्या दरवर्षी कमी करत नेली तर कंपनीलाही तयारीला वेळ मिळतो आणि शेवटच्या दिवशी ‘आता एवढ्या गाड्या कुठे जाणार’ हे कारण उरत नाही.

तुमच्या भागात असा प्लॉट असेल तर?

महापालिकेच्या नगररचना विभागातून त्या सर्व्हे नंबरचा भाग नकाशा आणि झोन दाखला मिळतो. जागा कशासाठी ठेवली आहे ते त्यात कळतं. मग माहिती अधिकारात तीन गोष्टी मागा: पहिल्या परवानगीचं पत्र, त्यातल्या अटी आणि आजवर दिलेल्या मुदतवाढींची यादी. अर्जाला १० रुपये लागतात आणि सर्वसाधारणपणे ३० दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे.

त्या यादीत एकच मुदतवाढ असेल आणि कामही चालू असेल, तर थोडं थांबायला हरकत नाही. चार-पाच मुदतवाढी असतील आणि प्रत्येकीत तेच कारण असेल, तर तो प्लॉट आता कागदावरच तात्पुरता उरला आहे. पुढचा अर्ज मंजूर होण्याआधी हरकत लेखी द्या आणि पोच घ्या.