तसला बूट आता येत नाही

पोलीस भरतीची जाहिरात निघो वा न निघो, आजरा तालुक्यात पहाटेचा सराव काही थांबत नाही. साडेपाचला रामतीर्थाच्या रस्त्याला या, धुक्यातून पोरे-पोरी धावत येताना दिसतील. कुणाचा बाप गवंडीकाम करतो, कुणाची आई काजूच्या कारखान्यात बसते, कुणाचे आजोबा ऊसतोडीत झिजले. घरातल्या पहिल्या सरकारी नोकरीची आशा या धावणाऱ्या पायांवर बेतलेली असते. त्या पायांतल्या बुटांविषयी घरात बोलणे निघते ते मात्र एवढेच, "अजून फाटले नाहीत ना? मग वापर की."

पण बूट फाटण्याच्या आधीच संपतो, आणि संपला म्हणून तसाच दुसरा आणायला जावे तर तो कंपनीने बंद केलेला असतो. हौशी लोकांची ही कुरकुर आहे असे कुणी म्हणेल. ज्याच्याकडे एकच जोड आहे आणि ज्याची भरती तोंडावर आहे त्याला विचारा, म्हणजे कळेल.

आमच्या वस्तीतली एक मुलगी दोन वर्षे सराव करते आहे. मागच्या खेपेला थोड्या गुणांनी राहिली. राज्याच्या पोलीस शिपाई भरतीत मैदानी परीक्षेला 50 गुण असतात. मुलींना 800 मीटर धावण्याचे 20, 100 मीटरचे 15 आणि गोळाफेकीचे 15. मुलांना 800 ऐवजी 1600 मीटर. सेकंद वाढतील तसे गुण कमी होतात, म्हणून एकेका गुणासाठी ही मुले महिने-महिने घाम गाळतात. या मुलीने एकाच प्रकारच्या बुटाचे दोन जोड झिजवले होते. तिसरा घ्यायला गेली तेव्हा दुकानदार म्हणाला, "तसला माल आता येत न्हाई बघ पोरी. कंपनीनंच बंद केलाय."

ती आमच्याकडे आली. म्हणाली, "काका, त्या बुटात माझा पाय कधी दुखला नाही. दुसरा कुठलाही घातला की चार दिवसांत नडगी धरते." मधल्या काळात तिच्या भावाने दुसऱ्या एका दुकानातून त्याच नावाचा बूट आणला होता. नाव तेच, पुढचा आकडा तेवढा वाढलेला. घरी घातला तर बरा वाटला. तीन किलोमीटर धावल्यावर करंगळीला फोड. एकदा रस्त्यावर वापरलेला बूट दुकानदार परत कशाला घेईल? आईच्या चार-पाच दिवसांच्या मजुरीवर पाणी पडले.

वाचकहो, नाव तेच असले तरी बूट तोच नसतो, हे इथे आधी समजून घेतले पाहिजे. या कंपन्या साधारण वर्ष-दीड वर्षाने नवा अवतार काढतात. साचा बदलतात, तळाची जाडी बदलतात, वरचे कापड बदलतात आणि नावापुढचा आकडा एकने वाढवतात. कधी नावच जाते. डेकॅथलॉन या फ्रेंच कंपनीचे धावण्याचे सामान बरीच वर्षे 'कलेंजी' नावाने विकले जाई. केनियातल्या कालेंजिन लोकांत जगातले नामवंत धावपटू निपजले, त्यांच्यावरून हे नाव घेतलेले. कंपनीने 2024 मध्ये आपल्या नावांची फेरमांडणी केली आणि त्याची जागा 'किपरन'ने घेतली. जुने नाव घेऊन दुकानात जाणाऱ्याने काय करायचे? कंपनीला दर वर्षी नवे काही विकायचे असते. आपल्या पायाला नवे काही नको असते. हा झगडा मिटणारा नाही, तेव्हा आपणच शहाणे झाले पाहिजे.

यात खेड्यातली पोरेच अडकतात असेही नाही. इथियोपियाचा अबेबे बिकिला 1960 साली रोमच्या ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावायला गेला. जवळचे बूट झिजलेले आणि नवे मिळाले ते पायाला बसेनात. शर्यत 10 सप्टेंबरला. गडी सरळ अनवाणी धावला आणि 2 तास 15 मिनिटे 16 सेकंदांत सुवर्णपदक घेऊन आला. ही गोष्ट सांगून आमची काही मंडळी पोरांना म्हणतात, "बूट कशाला पाहिजेत?" त्यांनी पुढचेही सांगावे. बिकिलाला अनवाणी धावण्याची पहिल्यापासून सवय होती, आणि चार वर्षांनी टोकियोत त्याने पुन्हा सुवर्णपदक जिंकले ते पायात बूट घालून, आधीपेक्षा तीन मिनिटे कमी वेळात. न बसणारा बूट त्याने ऐन शर्यतीत घातला नाही, एवढे आपण त्याच्याकडून घ्यावे. आजऱ्याच्या जांभ्या खडीवर सवय नसताना अनवाणी पळणे म्हणजे पायाची नासाडी.

मग तसलाच बूट शोधायचा कसा? आम्ही त्या मुलीला सांगितले, नाव विसर आणि जुना बूट पिशवीत घाल. जुना बूट हाच आपला दाखला. दुकानात "अमुक नावाचा द्या" म्हटले की दुकानदार आपल्याकडे जे आहे ते पुढे करतो. जुना बूट गल्ल्याशेजारी ठेवून "याच्यासारखा दाखवा" म्हटले की त्याला विचार करावा लागतो.

जाण्याआधी घरी तीन मापे घ्यावीत. संध्याकाळी, दिवसभराच्या कामानंतर पाय थोडा फुगलेला असतो तेव्हा कोऱ्या कागदावर पूर्ण भार देऊन उभे राहावे आणि दुसऱ्याकडून पेन्सिलीने पायाची रेघ मारून घ्यावी. दोन्ही पायांची, कारण बहुतेकांचा एक पाय दुसऱ्यापेक्षा थोडा मोठा असतो. लांबी आणि चवड्याची रुंदी सेंटिमीटरमध्ये लिहावी. सात नंबर, आठ नंबर यावर विसंबू नये. एका कंपनीचा सात दुसऱ्या कंपनीच्या साडेसहाएवढा निघतो. बुटाच्या जिभेवर बहुधा सेंटिमीटरचा आकडाही छापलेला असतो, तो वाचावा. दुसरे माप वजनाचे. किराणा दुकानदाराच्या काट्यावर एक बूट ठेवला की झाले. तिसरे माप तळाचे. कंपासपेटीतली पट्टी बाहेरून लावून टाचेखालची आणि चवड्याखालची जाडी बघावी. हे माप तंतोतंत येत नाही, पण जुन्याची आणि नव्याची तुलना करायला पुरते.

हे तिसरे माप फार महत्त्वाचे आहे. काही बुटांत टाच चवड्यापेक्षा 10-12 मिलिमीटर उंच असते, काहींत जेमतेम 4. उंच टाचेची सवय असलेला पाय एकदम सपाट बुटात गेला की पोटरीवर आणि टाचेच्या मागच्या शिरेवर ताण येतो. मग मुलगा म्हणतो, सराव जास्त झाला. सराव तेवढाच असतो, बूट बदललेला असतो.

दुकानात गेल्यावर दोन्ही पायांत बूट घालून, धावताना वापरतो तेच मोजे घालून उभे राहावे. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा राहिली पाहिजे. करंगळी दबता कामा नये. "वापरून सैल होईल" या बोलण्यावर धावण्याचा बूट कधी घेऊ नये. बूट हातात धरून वाकवावा. बोटे जिथे दुमडतात तिथे तो वाकला पाहिजे, मध्येच कमरेत मोडल्यासारखा वाकला तर ठेवून द्यावा. मग जुना आणि नवा बूट तळाला तळ लावून बघावा, चवड्याचा आकार जुळतो का ते लगेच कळते. बाजारात नामवंत कंपन्यांच्या नकला स्वस्तात मिळतात. त्यांच्यावरचे चिन्ह हुबेहूब असते, आतला तळ नसतो. 1 ऑगस्ट 2024 पासून पादत्राणांच्या अनेक प्रकारांना भारतीय मानक ब्युरोचे मानक सक्तीचे झाले, त्यात खेळाचे बूटही आले. तेव्हा आयएसआयचे चिन्ह आहे का, तेही बघावे. पक्के बिल मागावे. महिन्याभरात तळ सुटला आणि दुकानदाराने हात वर केले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक आहे. बिलाशिवाय तिथे आपली बाजू लंगडी पडते.

आता हिशेब. आम्ही पडलो कॉमर्सचे, त्याशिवाय आम्हाला चैन पडत नाही. यंत्राला जसा घसारा तसा बुटालाही घसारा असतो. धावण्याच्या बुटाचा मधला तळ बहुधा ईव्हीए नावाच्या फेसाळ रबरासारख्या पदार्थाचा असतो. त्यात हवेचे बारीक बारीक कप्पे असतात. प्रत्येक पावलाला ते दबतात आणि पुन्हा फुगतात. काही शे किलोमीटरनंतर ते दबलेलेच राहतात. वरून बूट धडधाकट दिसतो, पण रस्त्याचा मार थेट नडगीला आणि गुडघ्याला बसू लागतो. साधारणपणे 500 ते 800 किलोमीटर हे त्याचे आयुष्य धरतात. आठवड्यात सहा दिवस, रोज सहा किलोमीटर म्हटले तर महिन्याला दीडशे किलोमीटर होतात, म्हणजे चार-पाच महिन्यांत बूट उतरणीला लागतो. समजा, 2,000 रुपयांचा बूट 600 किलोमीटर टिकला, तर किलोमीटरला सव्वातीन रुपयांच्या आसपास खर्च. 700 रुपयांचा 150 किलोमीटरमध्येच बसला तर साडेचार रुपयांच्या वर. स्वस्त कुठला, ते घरच्या कर्त्या माणसाने ठरवावे. महाग तो चांगला, असेही नाही. पाच हजारांचा बूट पायाला बसत नसेल तर तो शोभेचाच.

एक बरी बातमी ज्यांच्यापर्यंत पोचली नसेल त्यांच्यासाठी. 22 सप्टेंबर 2025 पासून जोडीला 2,500 रुपयांपर्यंतच्या पादत्राणांवरचा जीएसटी 5 टक्के झाला. त्याआधी 1,000 रुपयांवरच्या जोडाला 18 टक्के होता. 2,000 रुपये मूळ किमतीचा बूट पूर्वी करासह 2,360 ला पडे, नव्या दराने तो 2,100 ला. हे 260 रुपये बिलात दिसतात की नाही, ते बघावे.

बूट आवडीचा आहे आणि जुना साठा कुठे शिल्लक आहे असे कळले, तर ऐपत असल्यास एक जोड जास्तीचा घ्यावा. चार-पाच घेऊन ठेवू नयेत. पेटीत पडून गोंद वाळतो, तळ कडक होतो. आपल्याकडच्या पावसात बूट भिजला तर सुखतळा काढून आत रद्दी कोंबावी आणि सावलीत वाळवावा. चुलीजवळ ठेवला की गोंद सुटलाच. नुसता खालचा रबर सुटला असेल तर कोपऱ्यावरच्या चर्मकार बांधवाकडून तो चिकटवून, शिवून घ्यावा, चांगले काम होते. दबलेला मधला तळ मात्र कुणालाच दुरुस्त करता येत नाही. असा बूट शेताला, बाजाराला वापरावा. धाकट्या भावंडाला धावायला देऊ नये. त्यात थोरल्याच्या पायाचा ठसा बसलेला असतो.

आणि नवा बूट भरतीच्या आदल्या आठवड्यात काढू नये. निदान महिनाभर आधी घ्यावा, पहिले दहा-बारा दिवस एक दिवस जुना, एक दिवस नवा असे करावे. पाय दुखलाच तर कोणत्या बुटाने दुखतो, तेही त्यातून समजते.

त्या मुलीला घेऊन आम्ही गडहिंग्लजला गेलो, पुढच्या रविवारी कोल्हापूरला. पहिल्या दोन दुकानांत तिचा जुना बूट बघून नोकर हसले. तिसऱ्या दुकानातल्या म्हाताऱ्या मालकाने तो हातात घेतला, उलटा केला, अंगठ्याने दाबला आणि म्हणाला, "बाळ, तुझा चवडा रुंद हाय. तुला नाव नको, जागा पाहिजे." त्याने एका देशी कंपनीचा बूट काढला. रंग तिला मुळीच आवडला नाही. किंमत जुन्यापेक्षा दोनशेने कमी. ती दुकानाबाहेरच्या बोळात दोनदा धावून आली आणि म्हणाली, "काका, हाच." आता महिना होत आला. नडगी धरत नाही. तिचे मैदान अजून व्हायचे आहे. तिथे जे होईल ते तिच्या मेहनतीने होईल.

आपल्या घरातले कुणी पहाटे धावायला जात असेल, तर आज रात्री जेवणे झाल्यावर त्याचे बूट उलटे करून बघा. टाचेची एक बाजू जास्त झिजली आहे का, मधला तळ अंगठ्याने दाबल्यावर वर येतो का, बघा. तो बूट किती महिन्यांपूर्वी घेतला ते विचारा आणि पुढच्या जोडासाठी महिन्याला तीन-चारशे रुपये बाजूला टाकायला आजपासून लागा. सराव थांबवून बूट शोधण्यापेक्षा सराव चालू असताना शोधलेला बरा.