पेटीची थोरली बहीण

घरातील मूल पियानोपुढे किंवा ॲकॉर्डियन घेऊन बसले की आपल्या ख्रिस्ती कुटुंबांत दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. पहिले : "छंद म्हणून ठीक आहे, पण पोटाचे काय?" दुसरे, जरा हळू आवाजात : "हे जॅझ वगैरे नाचघरातले, देवाच्या घरात त्याचे काय काम?" दोन्ही वाक्यांना आमचा विरोध आहे. पहिल्यातील भीती खरी, पण ती आपणच निर्माण केलेली आहे. दुसऱ्यातील सोवळे मात्र मुळातच खोटे आहे.

आधी सोवळ्याचा विचार करू. पोप दहावे पायस यांनी १९०३ साली पियानोला मंदिरात मज्जाव केला. इकडे ऑल इंडिया रेडिओने १९४० साली पेटीला दार बंद केले, ते सुमारे तीन दशके. दोन्ही वाद्ये आज मानाने आत आहेत. १९६३ साली दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने कसोटी घालून दिली ती योग्यतेची : वाद्य उपासनेला साजेसे आणि भाविकांच्या श्रद्धेला पोषक हवे. वऱ्हाडात भजनी मंडळाची पेटी आपण आपलीच मानतो. ती पॅरिसहून आली; तिचे एकस्व १८४२ चे. ॲकॉर्डियनचे व्हिएन्नातले, १८२९ चे. दोहोंत भाता तोच, धातूच्या पट्ट्यांचा कंपही तोच. म्हणजे ॲकॉर्डियन ही पेटीची थोरली बहीण ठरते. धाकटीला पाट आणि थोरलीला उंबरठा, हा कोणता न्याय?

जॅझच्या मुळाशी तर अमेरिकेतील कृष्णवर्णीय गुलामांची प्रार्थनागीतेही आहेत. मूळ चाल मनात घट्ट धरून तिचा आयत्या वेळी विस्तार करायचा, हे त्याचे शास्त्र; आपल्या कीर्तनकाराला ते परके वाटू नये. नाचघरातली धून जशीच्या तशी मिस्सेत वाजवावी, असे आमचे म्हणणे नाही. पण त्या शिस्तीत तयार झालेला हात अपवित्र कसा?

आता पोटाचा प्रश्न. गोव्यातील धर्मग्रामांच्या शाळांनी पिढ्यानपिढ्या मुलांना स्वरलेखन शिकवले. त्या विद्येवर ही मंडळी मुंबईची हॉटेले आणि चित्रपटांचे ध्वनिमुद्रण यांत शिरली. आल्दोन्याचे अंतोनियो झेवियर वाझ 'चिक चॉकलेट' या नावाने गाजले; 'अलबेला'च्या (१९५१) संगीतात चितळकर रामचंद्रांसोबत त्यांचा ट्रम्पेट आहे. सेबॅस्टियन डिसोझा शंकर-जयकिशन यांच्या वाद्यवृंदाची रचना लिहीत. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ साली भारतीय रागांसाठी सिंफनी वाद्यवृंद उभारला. पुण्याचे इनॉक डॅनियल्स ॲकॉर्डियन आणि पियानो दोन्हींत निष्णात. व्हॅन शिप्ले यांच्यासह त्यांच्या ध्वनिमुद्रिका घरोघर वाजल्या. तरी चित्रपटाच्या नामावळीत वादकाला सहसा जागा नसे. गोन्साल्विस यांचे नाव देशभर झाले ते १९७७ च्या एका विनोदी गाण्यामुळे, आणि ते खऱ्या माणसाचे नाव आहे हे गाणे गुणगुणणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक होते?

चित्रपटसृष्टीला नावे ठेवणे सोपे आहे. आपण वेगळे काय करतो? अमरावतीपासून अकोल्यापर्यंत कोणत्याही ख्रिस्ती लग्नाचा खर्च डोळ्यांपुढे आणा. मांडव, छायाचित्रे, डीजे यांचे दर आधी ठरतात, आगाऊ पैसे पोहोचतात. मिस्सेत वाजवणाऱ्याला मात्र "ही तर देवाची सेवा" असे सांगून हातावर नारळसुद्धा पडत नाही. सेवा त्याने करावी आणि पुण्य आपण घ्यावे! मग तो दुसरी नोकरी धरतो, आपण कीबोर्डमध्ये तयार ताल भरतो किंवा गाण्याचा ट्रॅक लावतो, आणि म्हणतो, "हल्ली वादक मिळत नाहीत." यंत्रावर आधीच मुद्रित केलेले संगीत उपासनेत नको, असे रोमने १९५८ सालीच बजावले होते. त्यामागचे कारण साधे आहे : प्रार्थना जिवंत माणसाने करायची असते, यंत्र आपल्या वतीने प्रार्थना करू शकत नाही.

काही जण म्हणतील, धर्मग्राम गरीब आहेत. आहेत. पण नाताळच्या रोषणाईला जे मिळते त्यातला काही भाग वादकाला मिळू नये इतके गरीब नाहीत. आमचे मागणे चारच गोष्टींचे आहे. लग्नाच्या आणि सणाच्या मिस्सेतील वादकाचे मानधन धर्मग्राम समितीने ठरवून फलकावर लावावे. सणाच्या पत्रिकेत देणगीदारांबरोबर वादकांची नावे छापावीत. प्रत्येक धर्मग्रामाने दरवर्षी निदान एका मुलाच्या किंवा मुलीच्या संगीतशिक्षणाचा भार उचलावा. आणि ट्रॅक मंदिराबाहेर ठेवावा.

यात धर्मगुरूंचीही जबाबदारी आहे. आम्ही स्वतःला वगळत नाही. स्तोत्रकर्त्याने वीणा, झांजा आणि बासरी यांनी देवाची स्तुती करायला सांगितले, तेव्हा त्याने वाजवणारी माणसे गृहीत धरली होती. ती माणसे उपाशी ठेवून केलेली स्तुती देवाला गोड लागेल, असे आम्हांस वाटत नाही.