तांदळातले स्टॅटिन




कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट वाढीव आला की ‘स्टॅटिन कशाला, चिनी जडीबुटी घ्या, साइड इफेक्ट नाहीत’ असे सांगणारा कोणीतरी भेटतोच. चिनी औषधांत दम नाही असे मुळीच नाही. अडचण अशी की, त्यांतल्या ज्या औषधाचा पुरावा सर्वांत भक्कम, तेच या सल्ल्याला खोटे पाडते.

ते औषध म्हणजे रेड यीस्ट राइस. भिजवून वाफवलेल्या तांदळावर मोनॅस्कस नावाची बुरशी वाढवतात. काही दिवसांत दाणा आतपर्यंत गर्द लाल होतो. मद्य आणि मांसाला रंग आणण्यासाठी चीनमध्ये तो शतकानुशतके वापरात आहे, आणि सोळाव्या शतकातल्या ली शीचेन यांच्या औषधग्रंथातही त्याची नोंद आहे. १९७९ मध्ये जपानचे अकिरा एंडो यांनी मोनॅस्कसमधून मोनॅकोलिन के वेगळे काढले. यकृतात कोलेस्टेरॉल बनवणाऱ्या विकराला ते अडवते. अमेरिकेत १९८७ मध्ये मंजूर झालेले पहिले स्टॅटिन, लोवास्टॅटिन, म्हणजे नेमके हेच द्रव्य!

म्हणूनच गुण येतो. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या ४,८७० चिनी रुग्णांवर या तांदळाचा अर्क सुमारे साडेचार वर्षे तपासला गेला. नुसती बिनऔषधाची गोळी घेणाऱ्यांत १०.४ टक्क्यांना पुन्हा झटका किंवा हृदयविकाराने मृत्यू आला. अर्क घेणाऱ्यांत ५.७ टक्क्यांना. पण तो अर्क प्रमाणित होता. दुकानातल्या बाटलीचे काय? अमेरिकेत २०१० साली प्रसिद्ध झालेल्या तपासणीत १२ उत्पादनांतल्या कॅप्सूलमध्ये मोनॅकोलिन के ०.१ पासून १० मिलिग्रॅमपर्यंत काहीही निघाले, आणि चार उत्पादनांत मूत्रपिंडाला घातक सिट्रिनिन सापडले. २०२४ मध्ये तर जपानच्या कोबायाशी कंपनीला आपल्या याच लाल तांदळाच्या गोळ्या बाजारातून परत घ्याव्या लागल्या. दूषित मालामुळे अनेकांची मूत्रपिंडे बिघडली होती.

युरोपीय संघाने २०२२ मध्ये पूरक आहारातल्या मोनॅकोलिनचे प्रमाण दिवसाला तीन मिलिग्रॅमच्या आत आणले, शिवाय वेष्टनावर इशारे सक्तीचे केले. आपल्याकडेही विक्रेत्याने मोनॅकोलिनचे प्रमाण आणि सिट्रिनिनच्या चाचणीचा निकाल बाटलीवर छापावा. आधीच स्टॅटिन चालू असलेल्याने ही कॅप्सूल घेतली तर डोसावर डोस चढतो, स्नायू आणि यकृताला इजा होण्याचा धोका वाढतो. तेवढी ओळ तरी मराठीत छापायला काय हरकत आहे?

– एक वाचक