रस्ता मोकळा आहे

सायकल एकदा आली की ती जन्मात विसरत नाही, असे म्हणतात. हे ज्याने प्रथम म्हटले त्याने पुण्यातला आजचा रस्ता पाहिलेला नसावा. पाय विसरत नाहीत हे खरे. पण मन विसरते, आणि मन एकदा विसरले की पायांना विचारतो कोण?

आमच्या अण्णांचे असेच झाले. चांगली तीस-पस्तीस वर्षे ते कचेरीत सायकलवरून गेले. पुढच्या दांडीवर टॉवेलाची घडी, तिच्यावर मी, मागच्या कॅरिअरवर दादा आणि हँडलला भाजीची पिशवी, असा आमचा सगळा संसार त्या दोन चाकांवरून फिरे. त्या काळी पुणे हे सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई आणि अण्णांना त्याचा उगाचच अभिमान वाटे. पुढे निवृत्तीनंतर, २००९ साली, मंडईतून परतताना एका मोटारीचे दार अचानक उघडले आणि अण्णा रस्त्यावर आडवे झाले. मनगट मोडले, ते दीड महिन्यात जुळले. दुसरे काहीतरी मोडले होते, ते मात्र जुळले नाही. सायकल जिन्याखाली गेली, तिथून भंगारवाल्याकडे गेली. अण्णा काहीच बोलले नाहीत.

आई गेल्यावर दादा त्यांना आपल्याकडे अमेरिकेत घेऊन गेला. वॉशिंग्टन शहराला लागून सिल्व्हर स्प्रिंग नावाचे गाव आहे, तिथे तो राहतो. घर छान, दादा-वहिनी प्रेमळ. पण त्या देशात ज्याला मोटार चालवता येत नाही तो जवळजवळ पांगळाच. फोनवर अण्णा "बरं आहे" म्हणत. 'बरं आहे' या दोन शब्दांत मराठी माणूस किती गोष्टी दडवतो, हे मी वर्गात मुलांना शिकवते. त्यामुळे माझी काही फसगत झाली नाही.

गेल्या वर्षी ऑक्टोबरात मी तिकडे गेले. एका सकाळी दादाने मोटारीच्या मागे तीन सायकली बांधल्या आणि आम्हाला रॉक क्रीक पार्कमध्ये नेले. जिथे मोटारींना बंदी आहे त्या रस्त्यावर जाण्यासाठी मोटारीतून जायचे, ही मौज अण्णांच्याही नजरेतून सुटली नाही.

हे पार्क म्हणजे आपल्या मनातली बाग नव्हे. रॉक क्रीक ही एक लहानशी नदी. मेरिलँडमधून येऊन राजधानीच्या मधून वाहत ती पोटोमॅकला मिळते. तिचे खोरे अरुंद, दोन्ही बाजूंना चढ आणि चढांवर ओक, बीच आणि ट्यूलिप यांचे दाट जंगल. यादवी युद्ध संपल्यावर नॅथॅनिएल मिचलर नावाच्या लष्करी इंजिनिअरला राष्ट्राध्यक्षांच्या नव्या वाड्यासाठी जागा पाहायला सांगितले होते. त्याने हे खोरे पाहिले आणि १८६७ सालच्या अहवालात ते जनतेच्या उद्यानासाठी राखून ठेवण्याची शिफारस केली. १८९० साली तसा कायदा झाला. नदीकाठचा रस्ता एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधायला घेतला. ज्या कॅप्टन बीच यांनी ते काम केले त्यांच्या नावावरून तो बीच ड्राइव्ह झाला. बांधला तेव्हा त्याच्यावरून घोडागाड्या जात. पुढे मोटारी आल्या, आणि हळूहळू कचेरीत वेळेवर पोहोचण्याची ती एक सोयीची वाट होऊन बसली.

शनिवार-रविवारी त्याचे काही तुकडे मोटारींना बंद ठेवण्याची रीत तशी जुनी. पण २०२० च्या एप्रिलमध्ये, महामारीच्या दिवसांत, लोकांना सुरक्षित अंतर ठेवून फिरता यावे म्हणून वरच्या बाजूचे तीन तुकडे रोजच बंद करण्यात आले. साथ ओसरल्यावर वर्षातले बरेच महिने आठवड्याच्या मधल्या दिवशी तिथे पुन्हा मोटारी सोडाव्यात, असा विचार निघाला. लोकांनी हरकती लिहून पाठवल्या, आणि २०२२ च्या अखेरीस ते तुकडे कायमचेच बंद ठेवण्याचे ठरले. मला या गोष्टीचे मोठे नवल वाटले. हा रस्ता कोणी नव्याने बांधला नाही. डांबर तेच, वळणे तीच, पूलही तेच. फक्त एक गोष्ट काढून घेतली आणि रस्ता निराळा झाला.

"अण्णा, बसता का?" मी विचारले.

"वेडी आहेस का? या वयात?"

पण त्यांचा अंगठा मागच्या चाकाची हवा पाहत होता. बराच वेळ ते हँडल धरून नुसतेच चालले. मग म्हणाले, "मागून काही येत नाही ना?"

"अण्णा, इथे मागून मोटार येतच नाही."

त्यांनी तरीही वळून पाहिले. मग टांग मारली.

सुरुवातीला सायकल लटपटली; माझ्या छातीत धस्स झाले. सवयीने अण्णा डाव्या कडेला गेले, तेव्हा दादा ओरडला, "अण्णा, उजवीकडून! इथे उलटं आहे!" ते उजवीकडे आले आणि अगदी डांबराच्या काठाला चिकटून चालवू लागले. मध्येच उगाच घंटी वाजवली. समोर कोणीही नव्हते. वळण आले की ते हात बाहेर काढून इशारा देत. कोणाला, ते त्यांनाच ठाऊक!

झाडे पिवळी आणि तांबडी झाली होती. मोटारींचा आवाज नसला की काय काय ऐकू येते! खडकांवरून जाणारे पाणी, चाकाखाली चुरणारी पाने, आपलाच श्वास. बोल्डर ब्रिज नावाचा मोठमोठ्या धोंड्यांचा एक पूल लागला, १९०२ सालचा. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट या भागात फिरायला येत आणि त्यांची अंगठी या पुलापाशी हरवली होती, असे सांगतात. मी ही कथा अण्णांना सांगावी म्हणून पुढे पाहिले, तो काय! अण्णा कडेला नव्हतेच. ते रस्त्याच्या मधोमध चालले होते. पाठ ताठ, कोपर सैल. कचेरीत जाताना असत तसे.

मी कथा सांगितली नाही.

परतताना मनात आले, याची किंमत कोणीतरी देत असेलच. दादाच्या शेजारच्या गृहस्थांना रोज कामाला जाताना आता लांबचा वळसा पडतो. त्यांची तक्रार खोटी नाही, आणि त्यांचा गेलेला वेळ कोणी भरून देणार नाही. पण इतकी वर्षे वळसा दुसरीच माणसे घालत होती. ती मुले, म्हातारी माणसे, सायकलवाले. त्यांचा वळसा कोणी मिनिटांत मोजला नव्हता, कारण ती घराबाहेरच पडत नव्हती.

पुण्यात आम्ही तर मुठेच्या पात्रातूनच मोटारींना रस्ता काढून दिला. धरणातून पाणी सोडले की नदी तो आपला आपण बंद करते. नाही म्हणायला ११ डिसेंबर २०२१ रोजी लक्ष्मी रस्त्याचा एक तुकडा पादचाऱ्यांसाठी दिवसभर मोकळा ठेवला होता. त्या दिवशी रस्त्याच्या मधून चालताना मी दोनदा मागे वळून पाहिले. भीती ही रस्त्यापेक्षा हळू मोकळी होते. तिला एक दिवस पुरत नाही. तिला खात्री लागते की उद्याही मागून काही येणार नाही.

परवा दिवाळीच्या फराळाचे पार्सल पोहोचले का, हे विचारायला फोन केला. वहिनी म्हणाल्या, "अण्णा नाहीत घरात. दादाला उठवून पार्कात गेले आहेत."

संध्याकाळी अण्णांचाच फोन आला. चकल्या चांगल्या झाल्यात म्हणाले. मग कुरकुरले, "अगं, दादाच्या सायकलला स्टँडच नाही. दरवेळी झाडाला टेकवावी लागते."

एवढ्या दिवसांत त्यांनी केलेली ही पहिली तक्रार. 'बरं आहे' मात्र ते म्हणाले नाहीत.