हेल्मेटवर कुणाला रंगवलं?

दोस्तहो, १० डिसेंबर २०२२ ला फिलाडेल्फियात एक मॅच झाली. अमेरिकेची आर्मी अकॅडमी विरुद्ध नेव्हल अकॅडमी. त्यांचा फुटबॉल म्हणजे आपला कूपरेजवरचा फुटबॉल नव्हे. लांबट चेंडू बगलेत मारायचा आणि समोरच्याच्या छाताडावर डोकं घालायचं, असा तो फुटबॉल. १८९० पासून हे दोन लष्करी कॉलेजवाले एकमेकांना असे भिडतायत, आणि हल्ली दरवर्षी या एका मॅचसाठी नवा थीमवाला युनिफॉर्म शिवला जातो. त्या वर्षी आर्मीची पोरं दुसऱ्या महायुद्धातली रणगाडा डिव्हिजन अंगावर घालून आली. आणि नेव्हीची पोरं? ती चक्क अंतराळवीर होऊन आली.

अंडर आर्मर कंपनीचा माल. अंतराळवीराच्या सुटावर बेतलेला पोशाख, नासाचं चिन्ह, आणि हाताने रंगवलेलं हेल्मेट. त्या हेल्मेटवर ब्रूस मॅककँडलेस. अकॅडमीच्या १९५८ च्या बॅचचा हा माणूस ७ फेब्रुवारी १९८४ ला चॅलेंजर यानातून बाहेर पडला आणि कसलाही दोर न बांधता अंतराळात तरंगला. असं करणारा पहिला माणूस. या अकॅडमीने पन्नासच्या वर अंतराळवीर दिले, शेपर्ड तिथला, लॉव्हेल तिथला, म्हणून हा मान. त्याआधी दोनच महिने, १ ऑक्टोबरला, एअर फोर्स अकॅडमीनेही स्पेस फोर्सच्या नावाचा युनिफॉर्म चढवून याच नेव्हीला १३–१० ने हाणलं होतं. म्हणजे त्या वर्षी लष्करी कॉलेजांना आभाळाचं वेडच लागलं होतं म्हणा.

तुम्ही म्हणाल, आपल्याला काय त्याचं? आपण कुठे जर्सी विकत घेतोय?

घेतोय ना बाबा! दादरच्या फुटपाथवर बघ, कुर्ल्याला बघ. नासाचा निळा गोळा छातीवर घेऊन फिरणारी दहा पोरं तुला संध्याकाळपर्यंत भेटतील, त्यातली चार आपलीच. माझं भांडण त्या टीशर्टशी नाही. कापड आहे, अंग झाकतं. कापडावर काय छापलं आणि काय छापायचं टाळलं, त्याच्याशी माझं भांडण आहे.

आपल्यातले काहीजण लगेच म्हणतात, अवकाश-फिवकाश सगळी भंकस, आधी पोटाला भाकर द्या. हे बोलणं जुनं आहे आणि खोटं नाही. १५ जुलै १९६९ ला, चंद्राकडे यान सुटायच्या आदल्या दिवशी, राल्फ अॅबरनथी खेचरांच्या गाड्या आणि गरिबांचा मोर्चा घेऊन केप केनेडीच्या दारात उभे राहिले होते. नासाचा मुख्य टॉमस पेन बाहेर येऊन त्यांना भेटला. बटण न दाबल्याने गरिबी जाणार असेल तर आपण बटण दाबणार नाही, अशा अर्थाचं तो बोलला आणि मोर्चातल्या काही कुटुंबांना उड्डाण बघायचे पास दिले. बटण दुसऱ्या दिवशी दाबलं गेलंच. गरिबी कुठे गेली? पण मला त्या मोर्चातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. अॅबरनथींनी अंतराळवीरांसाठी प्रार्थना करायचंही कबूल केलं. आभाळ त्यांच्या बापाचं आहे असं त्यांनी मान्य केलं नाही. भाकरही आमची आणि आभाळही आमचं. भाकरीवरच थांबणाऱ्या दोस्तांनी हे ध्यानात घ्यावं. आपण आभाळ सोडून दिलं तर ते खुशाल घेऊन टाकतील.

आता त्या हेल्मेटकडे परत बघू. मॅककँडलेस बाहेर तरंगत होता तेव्हा चॅलेंजरमध्ये कोण होतं? रोनाल्ड मॅकनेर. काळा माणूस, साऊथ कॅरोलिनातल्या लेक सिटीचा. १९५९ साली, नऊ वर्षांचा असताना, गावच्या लायब्ररीत पुस्तकं मागायला गेला तर बाईंनी पोलीस बोलावले. पुढे फिजिक्सचा डॉक्टर झाला, आणि २८ जानेवारी १९८६ ला त्याच चॅलेंजरबरोबर जळून गेला. १९९० मध्ये मॅककँडलेस पुन्हा वर गेला, हबल दुर्बीण सोडायला. तेव्हा डिस्कव्हरी यानाचा पायलट कोण? चार्ल्स बोल्डेन. हाही काळा, हाही साऊथ कॅरोलिनाचा. आणि बोल्डेन तर याच नेव्हल अकॅडमीचा, १९६८ च्या बॅचचा! चार वेळा अंतराळात गेलेला, २००९ ते २०१७ अख्ख्या नासाचा मुख्य असलेला.

तो अकॅडमीत कसा शिरला ते ऐका. तिथे प्रवेशाला सिनेटर नाहीतर काँग्रेसमनची शिफारस लागते. त्याच्या राज्यातले पुढारी, त्यात तो वर्णद्वेष्टा स्ट्रॉम थरमंड, काळ्या पोराची शिफारस करायला तयार नव्हते. पोराने थेट लिंडन जॉन्सनला पत्र लिहिलं. शेवटी शिफारस आली ती शिकागोच्या विल्यम डॉसनकडून, दुसऱ्याच राज्यातल्या काळ्या काँग्रेसमनकडून. इंग्रजांनी महारांची भरती बंद केली तेव्हा आपल्या गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली अर्ज लिहिला होता, ते ज्यांना ठाऊक आहे त्यांना या पत्राचा वास लगेच ओळखू येईल. युनिफॉर्म अंगावर चढायच्या आधी आपल्या माणसाला कागद काळे करावे लागतात.

आणि ते दार त्यांनी किती वर्षं धरून ठेवलं होतं? अकॅडमी १८४५ ची. पहिला काळा पोरगा जेम्स कॉनियर्स १८७२ ला आत गेला. त्याला एवढा छळला की पुढच्याच वर्षी तो बाहेर. पहिला काळा पदवीधर वेस्ली ब्राऊन, १९४९. हिशेब करा, एकशे चार वर्षं. अंतराळवीरांची ती मोठी यादी अभिमानाने वाचणाऱ्यांना हा आकडाही वाचायला सांगा.

मग एवढी वर्षं काळी माणसं नेव्हीत करत काय होती? एक तर ऑफिसरांच्या ताटल्या धूत होती. आणि दुसरं काम आमचं, गोदीचं.

मी गोदीत घाम गाळतो म्हणून हे मला सांगितलंच पाहिजे. १४ एप्रिल १९४४ ला, बाबासाहेबांच्या जन्मदिवशी, मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकीन बोट दारूगोळ्यासकट उडाली. हे गोदीतल्या पोरासोरांना माहीत आहे. पण त्यानंतर तीनच महिन्यांनी, १७ जुलैला, कॅलिफोर्नियात पोर्ट शिकॅगो नावाच्या नेव्हीच्या गोदीत तसंच झालं, हे किती जणांना माहीत आहे? बॉम्ब बोटीत भरणारे सगळे काळे खलाशी, हुकूम सोडणारे सगळे गोरे ऑफिसर. दारूगोळा कसा हाताळायचा याचं धड शिक्षण नाही. वर कुणाची टोळी जास्त माल भरते यावर ऑफिसरांच्या पैजा लागायच्या. अरे, माल भरताना घाई कोण करवतो आणि बोट कुणाचं तुटतं हे आम्हाला कुणी शिकवायला नको. ३२० माणसं मेली. त्यात २०२ काळे. जगले त्या गोऱ्या ऑफिसरांना रजा मिळाली. काळ्यांनी आपल्याच सोबत्यांच्या चिंध्या गोळा केल्या आणि काही आठवड्यांत त्यांना हुकूम आला, चला, पुन्हा बॉम्ब भरायला.

२५८ जण म्हणाले, नाही.

त्यातल्या पन्नास जणांवर बंडाचा खटला भरला. थर्गूड मार्शल स्वतः जाऊन तो खटला बघत बसले होते. पन्नासही दोषी. लढाई संपल्यावर १९४६ मध्ये बहुतेकांना सोडलं, पण कपाळावरचा शिक्का तसाच राहिला.

एक दोस्त मला म्हणाला, खेळ आहे रे, पोरं आहेत, रंग बघ आणि मजा घे. खेळ तर खेळ. त्या हेल्मेटच्या आत डोकं असतं की नाही? २०१७ साली बोस्टन युनिव्हर्सिटीच्या डॉक्टरांनी फुटबॉलच्या मोठ्या व्यावसायिक लीगमध्ये खेळून मेलेल्या १११ जणांचे मेंदू तपासले. नातेवाइकांनी दिलेले मेंदू होते, म्हणजे शंका होती म्हणूनच बरेचसे आलेले. तरी १११ पैकी ११० मेंदूंत धडका खाऊन खाऊन होणारा आजार सापडला. हेल्मेट कवटी वाचवतं, आतला मेंदू हादरायचा राहत नाही. बाहेरून अंतराळ रंगवा नाहीतर काय हवं ते रंगवा. आम्हाला मिळतं ते पिवळं टोपडं निदान स्वतःबद्दल खोटं बोलत नाही.

मॅककँडलेस शूर होता, त्याला रंगवलं त्याचं मला दुःख नाही. पण हेल्मेटला दोन बाजू असतात आणि युनिफॉर्म दरवर्षी बदलतो. बोल्डेनचं ते पत्र कापडावर छापायला किती शाई लागली असती? पोर्ट शिकॅगोची गोदी कधीतरी कुणाच्या खांद्यावर शिवता आली नसती? नेव्हीचा इतिहासच मिरवायचा ना, मग हा कुणाचा इतिहास आहे? पण अशाने जर्सी खपत नाही. अंतराळ बरं पडतं त्यांना. तिथे माल चढवायला हमाल दिसत नाहीत.

ती मॅच नेव्ही हरली. दुसऱ्या जादा डावात, गोलरेषेच्या तोंडाशी चेंडू हातातून निसटला, आर्मी २०–१७. ते सोडा.

१७ जुलै २०२४ ला, बरोब्बर ऐंशी वर्षांनी, अमेरिकन नेव्हीने त्या पन्नास जणांना आणि शिक्षा झालेल्या बाकीच्यांना निर्दोष ठरवलं. तेव्हा पन्नासातला एकही जिवंत नव्हता. त्याच वर्षी डिसेंबरात पुन्हा आर्मी–नेव्ही मॅच आली, पुन्हा नवा युनिफॉर्म आला. त्या वेळची थीम होती जॉली रॉजर्स, नेव्हीच्या लढाऊ विमानांची स्क्वाड्रन. तिची खूण कवटी आणि हाडं. नेव्ही ३१–१३ ने जिंकली.