मोजणी कोठून सुरू होते?

रायपूरच्या रेल्वे वसाहतीतील एका मराठी घराचे उदाहरण घेऊ. २०२४ साली मुलगी तीन वर्षांची. २०३९ मध्ये ती बारावी होणार आणि जूनमध्ये कॉलेज प्रवेशाचे पैसे लागणार. घरच्यांनी १० एप्रिल २०२४ रोजी पीपीएफचे खाते उघडले. मुदत पंधरा वर्षांची, म्हणजे एप्रिल २०३९ मध्ये रक्कम हाती येईल, असा त्यांचा सरळ हिशेब.

पण इथेच गफलत होते. पीपीएफची पंधरा वर्षे खाते उघडल्याच्या तारखेपासून मोजली जात नाहीत. ज्या आर्थिक वर्षात खाते उघडले, ते वर्ष संपल्यावर मोजणी सुरू होते. त्यामुळे हे खाते १ एप्रिल २०४० रोजी पूर्ण होईल. हेच खाते ३० मार्च २०२४ ला उघडले असते, तर पैसे वर्षभर आधी मिळाले असते. अकरा दिवसांची दिरंगाई एका वर्षाला पडली! गरजेला काही रक्कम मुदतीपूर्वी काढता येते.

दुसरा हिशेब वडिलांच्या निवृत्तीचा. रेल्वेत साठी पूर्ण होते त्या महिन्याच्या अखेरीस निवृत्ती मिळते. मात्र जन्म महिन्याच्या एक तारखेचा असेल, तर आधीच्या महिन्याच्या अखेरीसच. २ मे १९७९ चा जन्म असेल तर ३१ मे २०३९ पर्यंत नोकरी. १ मेचा असेल तर ३० एप्रिललाच निरोप. म्हणजे ऐन प्रवेशाच्या तोंडावर एक पगार कमी.

वार काढणे त्या मानाने सोपे. साध्या वर्षात तीच तारीख एक वार पुढे सरकते, मध्ये २९ फेब्रुवारी आली तर दोन वार. छत्तीसगड राज्य १ नोव्हेंबर २००० रोजी, बुधवारी स्थापन झाले. पंचवीस वर्षांचे पंचवीस वार आणि सहा लीप दिवस मिळून एकतीस. त्यातून चार आठवडे वजा केले की उरले तीन. म्हणून राज्याचा रौप्यमहोत्सव २०२५ मध्ये शनिवारी आला.

तिथीचे गणित निराळे. तिथी आणि इंग्रजी तारीख साधारण एकोणीस वर्षांनी पुन्हा जुळतात, तेही एखाद्या दिवसाच्या फरकाने. लग्नकार्य ठरवताना अधिक महिनाही पाहावा लागतो. २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक आहे, तर २०२९ मध्ये चैत्र.

तेव्हा घरात एक वही ठेवावी. विमा, कर्ज, ठेव, निवृत्ती, प्रत्येकापुढे नुसती वर्षे न लिहिता मोजणी कोणत्या दिवसापासून सुरू होते, तेही लिहावे. दर पाडव्याला ती वही एकदा उघडावी. मुलीच्या प्रवेशाची तारीख कोणासाठी थांबत नाही. पैशांची तारीख मात्र आधीच नीट ठरवता येते.